महाविद्यालयात बॉलरूम आणि लॅटिन नृत्य मंडळ : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक महाविद्यालयांत लोकनृत्याचे आणि पाश्चात्त्य समूहनृत्याचे संघ असतात. जोडीने करायच्या बॉलरूम व लॅटिन नृत्याचे मंडळ मात्र क्वचितच आढळते. ते सुरू करू पाहणारे विद्यार्थी पुष्कळदा पहिल्याच पावलाला वाट चुकतात आणि 'संस्था नोंदवावी लागेल' या समजुतीने वकिलाकडे जातात. म्हणून सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे मंडळ कोणाचे असणार. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीखाली, त्याच्याच जागेत आणि त्याच्याच विद्यार्थ्यांसाठी चालणारे मंडळ हा महाविद्यालयाचा उपक्रम असतो; त्यासाठी प्राचार्यांची लेखी मंजुरी लागते, स्वतंत्र नोंदणी लागत नाही. अभिमत विद्यापीठांत हाच अर्ज विद्यार्थी कल्याणाचे काम पाहणाऱ्या अधिष्ठात्यांकडे जातो.

अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे नृत्य म्हणजे काय ते नीट लिहावे, कारण 'बॉलरूम म्हणजे पार्टीतला नाच' हा समज समितीच्या बैठकीतही असतो. या प्रकारात एकूण दहा नृत्ये येतात. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप ही स्टँडर्ड विभागातली. सांबा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले आणि जाइव्ह ही लॅटिन विभागातली. याच्या स्पर्धा ठरलेल्या नियमांनी होतात आणि या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय महासंघाला, म्हणजे आजच्या वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९७ साली मान्यता दिलेली आहे. पहिल्याच वर्षी दहाही नृत्यांचा संकल्प सोडू नये. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या मंडळांत नवशिके वॉल्ट्झ, क्विकस्टेप, चा-चा-चा आणि जाइव्ह या चार नृत्यांपासून सुरुवात करतात, आणि आपल्याकडेही तेवढेच मागितलेले बरे. साल्सा आणि बचाता या दहांत येत नाहीत; ती शिकवायची असल्यास अर्जात वेगळी नोंद करावी. युवा महोत्सवाचे आश्वासनही कोणाला देऊ नये, कारण आंतरविद्यापीठ युवा महोत्सवातले नृत्यविभाग प्रामुख्याने लोकनृत्याचे आणि शास्त्रीय नृत्याचे असतात.

पात्रतेची मुख्य अट एकच ठेवावी : सदस्य त्या शैक्षणिक वर्षासाठी महाविद्यालयात रीतसर प्रवेश घेतलेला विद्यार्थी असावा. पूर्वीचा नृत्याचा अनुभव मागू नये आणि 'जोडीदारासह यावे' अशी अट तर मुळीच घालू नये. सरावात जोड्या ठरावीक वेळाने बदलतात, त्यामुळे एकटा आलेला विद्यार्थीही शिकू शकतो. लीडर (जोडीला पुढे नेणारा) कोण आणि फॉलोअर (त्याच्या इशाऱ्याने नाचणारा) कोण हे ज्याने त्याने निवडावे, मुलगा-मुलगी पाहून मंडळाने लादू नये. माजी विद्यार्थ्यांना घ्यायचे असेल तर सहयोगी सदस्य म्हणून, मताधिकाराशिवाय घ्यावे. हजेरीबाबतही एक वाक्य हवे : मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि सरावामुळे तास बुडणार नाहीत अशी हमी प्राचार्यांना अर्जातच वाचायला मिळाली, तर पुढचे काम बरेच सोपे होते.

कागदपत्रांत सर्वांत आधी येते ते इच्छुक विद्यार्थ्यांच्या सह्यांचे पत्रक. त्यात नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि सही एवढे असावे आणि ओळखपत्राच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स प्रती सोबत जोडाव्यात. दुसरे म्हणजे प्रभारी प्राध्यापकांचे लेखी संमतीपत्र. तोंडी होकारावर विसंबू नये. सरावाच्या वेळी इमारतीत कोण जबाबदार असेल, याचे उत्तर म्हणजे हेच पत्र असते. तिसरी मंडळाची नियमावली : पदाधिकारी कसे निवडले जातील, वर्गणी किती, ती कोणाकडे जमा होईल आणि वर्षाअखेर हिशेब कोणापुढे ठेवला जाईल, एवढे तिच्यात आले की दोन पानांतही ती पुरते. वर्गणी महाविद्यालयाच्या खात्यात, पावती घेऊनच भरावी. एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरच्या यूपीआयवर पैसे घेण्याची सोय कितीही सुटसुटीत वाटली, तरी पुढे वाद होतात ते तिथेच. बाहेरचा प्रशिक्षक बोलवायचा असल्यास त्याची कारकीर्द, प्रमाणपत्रे, ओळखीचा पुरावा आणि मानधनाचा आकडा जोडावा. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांचे संमतीपत्र अनिवार्य समजावे. त्यात सरावाचे वार आणि सुटण्याची वेळ छापलेली असावी. मुलगी सव्वासातला सुटली तर वाशीहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला किती वाजता पोहोचेल, हा हिशेब प्रत्येक घरी होतोच.

जागेच्या मागणीवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या पाहण्यात अर्ज अडतो तो इथेच. 'हॉल मिळावा' एवढे लिहून भागत नाही. कोणता हॉल, कोणत्या मजल्यावरचा, कोणत्या वारी, किती ते किती आणि त्याच वेळी तो आणखी कोण वापरते, हे सारे लिहावे. तळमजला मागावा. जाइव्हचे संगीत मिनिटाला ४२ ते ४४ बार इतके जलद असते; एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे सुमारे १७० ठोके. वीस जोड्या वरच्या मजल्यावर त्या ठेक्यात पाय आपटू लागल्या की खालच्या वर्गातला तास थांबतो. फरशीविषयीही स्पष्ट लिहावे. या नृत्याच्या बुटांचा तळ स्वेडचा, म्हणजे खरखरीत मऊ चामड्याचा असतो आणि बायकांच्या बुटांची टाच बारीक असते. लाकडी जमिनीवर त्या टाचेचे वण उमटू नयेत म्हणून तिच्यावर प्लास्टिकची टोपी बसवतात. ही टोपी सक्तीची केल्याचे नियमावलीत नमूद करावे. आमच्या मंडळाच्या पहिल्या वर्षी, पाऊस संततधार असताना, दमट हवेने बुटांचे तळ जमिनीला चिकटू लागले म्हणून कोणीतरी कॅरमची पावडर फरशीवर टाकली. आमचा सराव उत्तम झाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये बॅडमिंटन खेळणारा एक मुलगा घसरून पडला आणि मनगट दुखावून बसला. परवानगी दोन महिने स्थगित झाली, आणि ते योग्यच होते. तेव्हापासून अर्जात 'जमिनीवर कोणताही पदार्थ टाकला जाणार नाही. बुटांचे तळ तारेच्या ब्रशने हॉलबाहेर घासले जातील आणि सरावानंतर फरशी पुसली जाईल' हे वाक्य आम्ही कायम ठेवले आहे.

जोडीने नाचायचे म्हणजे हातात हात आणि पाठीवर हात आलाच, तेव्हा संमतीचा नियम संकोच न बाळगता लिहावा. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता जोडी बदलून मागू शकतो. प्रशिक्षक पवित्रा दुरुस्त करताना आधी विचारूनच स्पर्श करेल. आणि तक्रार असल्यास ती महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असलीच पाहिजे, म्हणून तिच्या संपर्काची माहिती नियमावलीतच छापावी. पालकांना सर्वांत जास्त दिलासा मिळतो तो याच पानाने, असा माझा अनुभव आहे.

संगीताच्या परवान्याबद्दल विनाकारण घाबरण्याचे कारण नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी व कर्मचाऱ्यांनी केलेल्या सादरीकरणाला, प्रेक्षक केवळ विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती असतील तर, सूट आहे. तिकीट लावून गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रम केला, की ही सूट लागू होत नाही आणि तेव्हा परवाना घ्यावाच लागतो. उघड्या पटांगणात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे आगाऊ लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो बंद ठेवावा लागतो. शिवाय शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो, हे आधी तपासावे.

सर्व कागद एकत्र लावून दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपावी. अर्ज जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीस, सभागृहाचे वेळापत्रक ठरण्याआधी द्यावा. मंजुरी आल्यावर ती लेखी मागावी आणि त्यात वार व वेळ नमूद आहे ना, हे पाहून घ्यावे.

अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि बाहेरचे लोक मिळून मंडळ काढणार असतील तरच संस्था नोंदणीचा मार्ग घ्यावा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य लागतात, आणि ते सज्ञान असावेत. संस्थेचे ज्ञापन (मेमोरँडम), नियम व नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, कार्यकारिणीची यादी, सदस्यांची संमतीपत्रे, एका व्यक्तीला दिलेले अधिकारपत्र आणि कार्यालयाच्या जागामालकाचे ना हरकत पत्र अशी कागदपत्रे त्यासाठी तयार ठेवावीत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ खालचा अर्ज न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. पुढे विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. शिकत्या मुलांनी हे ओझे शक्यतो घेऊ नये.

महाविद्यालयाची मंजुरी एका शैक्षणिक वर्षापुरती असल्यास पुढच्या जूनमध्ये नूतनीकरणाचा अर्ज द्यावा आणि त्यासोबत वर्षभराची हजेरीवही, जमाखर्चाचे पत्रक आणि नव्या पदाधिकाऱ्यांची नावे जोडावीत. तृतीय वर्षाचे विद्यार्थी एप्रिलमध्ये बाहेर पडतात, तेव्हा ही वही, पोचेची प्रत आणि हॉलच्या कपाटाची किल्ली त्यांनी शेवटच्या सरावालाच द्वितीय वर्षाच्या प्रतिनिधीकडे सही घेऊन सोपवावी.