मॅक्स विमानं आणि ‘डिफरन्स ट्रेनिंग’चा घोळ : पार्श्वभूमी

बोइंग कंपनीचं 737 जातीचं विमान 1967 मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढच्या आवृत्त्या मूळ प्रमाणपत्रातच दुरुस्ती करून आल्या. तो इतिहास इथे उगाळत नाही. मॅक्स ही त्यातली नवी आवृत्ती; तिच्या वेळी खरा घोळ झाला तो ‘डिफरन्स ट्रेनिंग’ या एका शब्दाचा.

जुन्या आवृत्तीवरच्या वैमानिकाने नवीवर जाताना किती शिकायचं, याच्या ए ते ई अशा पायऱ्या आहेत. मॅक्सला ‘बी’ मिळाली. म्हणजे टॅबलेटवर धडा वाचायचा, सिम्युलेटरची गरज नाही. सिम्युलेटर लागलंच तर दर विमानामागे 10 लाख डॉलर सूट, असा शब्द कंपनीने एका बड्या ग्राहकाला देऊन ठेवला होता. मग ‘फरक’ मोठा दिसून कसा चालेल? विमानाचं नाक आपोआप खाली नेणारी एमकॅस प्रणाली वैमानिकांच्या पुस्तिकेतून वगळली गेली. ती प्रणाली नाकाचा कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. माझ्या मते हा निर्णय अक्षम्य होता.

सेन्सर चुकला, एमकॅसने नाक खाली रेटलं आणि दोन मॅक्स विमानं कोसळली: 29 ऑक्टोबर 2018 ला इंडोनेशियात 189 माणसं गेली, 10 मार्च 2019 ला इथिओपियात 157. दुसऱ्या विमानात कॅप्टनच्या हातातला दांडा (विमान हवेतला आधार गमावतंय, असा इशारा तो थरथरून देतो) उड्डाण होताच थरथरू लागला, तो अखेरपर्यंत. नाक वर आणायला गुडघ्याशेजारचं ट्रिमचं चाक (शेपटीच्या पंखाचा कोन बदलणारं) हाताने फिरवून पाहिलं, पण त्या वेगात ते फिरेना.

दहा नियामक संस्थांच्या संयुक्त पथकाने ऑक्टोबर 2019 मध्ये 12 शिफारशी दिल्या. बदल सुटासुटा तपासू नका, त्याचा अख्ख्या विमानावर आणि वैमानिकावर काय परिणाम होतो ते बघा, हा त्यांचा गाभा. ओझरला विमानं जोडली जातात, नाशिकच्याच गांधीनगर तळावर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात; नाशिकमध्ये हे कुणाला समजावून सांगायला नको.

दुसऱ्या अपघातानंतर मॅक्सवर आलेली उड्डाणबंदी नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेने उठवली, पण सिम्युलेटर सक्तीचं करून. युरोपने जानेवारी 2021 मध्ये परवानगी दिली. दांडा खोट्या इशाऱ्याने थरथरत राहिला तर त्याचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून तो थांबवायची मुभा युरोप आणि कॅनडाने वैमानिकांना दिली, अमेरिकेने नाही. भारताने 26 ऑगस्ट 2021 ला हिरवा कंदील दाखवला.

आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये एका कंपनीच्या 90 वैमानिकांना मॅक्स उडवण्यापासून रोखून पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. ते ज्या सिम्युलेटरवर शिकले होते, त्यात एका बाजूचा थरथरणारा दांडाच बंद होता.