थ्रीडी स्कॅनमधल्या बारीक वळणदार रचना शोधणं

सीटी किंवा एमआरआयच्या थ्रीडी डेटातून रक्तवाहिन्या, श्वासनलिकेचे फाटे, झाडाची मुळं अशा धाग्यासारख्या गोष्टी कॉम्प्युटरकडून वेगळ्या काढून घ्यायचं हे तंत्र. नुसता ब्राइटनेस पाहून भागत नाही, कारण सीटी अँजिओत कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) भरलेली शीर आणि बाजूचं हाड दोन्ही पांढरंफक दिसतं, आणि टोकाकडे शीर एखाद्या वोक्सेलएवढी (थ्रीडी इमेजचा सगळ्यात छोटा ठोकळा) उरली की ती कोणती नि नॉइज कोणता हे कळतच नाही.

जुना पण अजून जोरात चालणारा उपाय म्हणजे हेसियन मॅट्रिक्स. प्रत्येक वोक्सेलपाशी ब्राइटनेस कोणत्या दिशेला किती वाकतो ते ३×३ च्या तक्त्यात मांडायचं आणि तीन आयगेनव्हॅल्यू, म्हणजे तीन मुख्य दिशांतला वाक सांगणारे आकडे, काढायचे. काळ्यावर पांढरी नळी असेल तर लांबीच्या दिशेने फारसं काही बदलत नाही, म्हणून एक व्हॅल्यू शून्याजवळ, आडव्या दोन्ही दिशांना ब्राइटनेस झपकन कमी होतो म्हणून बाकीच्या दोन मोठ्या आणि निगेटिव्ह. पत्र्यासारखं काही असेल तर एकच मोठी, गोळा असेल तर तिन्ही. यावरून फ्रांजी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'व्हेसलनेस'चा, म्हणजे वोक्सेल किती नळीसारखा आहे ते सांगणारा, फॉर्म्युला दिला, सातो यांच्या गटाचा फिल्टरही त्याच वर्षीचा. जाडी आधी माहीत नसते, म्हणून इमेज कमीजास्त ब्लर करून हेच पुन्हा पुन्हा करतात आणि सगळ्यात मोठं उत्तर ठेवतात. स्लाइस जाड असतील तर आधी वोक्सेल सगळ्या बाजूंनी सारखे करून घ्या, नाहीतर सगळं गणित एका बाजूला ओढलं जातं.

खरी गोची फाट्यावर होते. तिथे शीर नळीसारखी राहत नाही, गोळ्यासारखी दिसते, फिल्टरचं उत्तर पडतं आणि अख्खी शीर तुटल्यासारखी येते. नागपुरात हे जास्त टोचतं, कारण विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच, आणि या आजारात स्ट्रोक होतो तेव्हा मेंदूकडे जाणारी आतली कॅरोटिड धमनी बहुतेकदा कवटीच्या आत जिथे दुभागते तिथेच आकसलेली असते! त्यात एमआर अँजिओत भोवऱ्यांच्या प्रवाहाने तिथला सिग्नलही जातो, म्हणजे शीर खरंच बारीक झाली, की मशीनमुळे तशी दिसून राहिली, की फिल्टरने खाल्ली, हे मूळ स्लाइस उघडल्याशिवाय सांगता येत नाही भाऊ.

२०१६ च्या थ्रीडी यू-नेट या न्यूरल नेटवर्कनंतर डीप लर्निंग आलं, फाटे बरेच सुधारले. पण काढलेली शीर खऱ्या शिरेशी किती जुळते ते सांगणारा डाइस स्कोअर वोक्सेल मोजतो, जोडणी नाही. मधला एक वोक्सेल गेला तरी मार्क जवळपास तेवढेच. म्हणून २०२१ मध्ये मधल्या रेषेवरून मोजणारा सीएलडाइस आला, आणि शिरांच्या कामात तोच आधी बघावा.