चेक इंजिनचा दिवा लागल्यावर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेली गाडी घेऊन येणारे बरेच ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकताच म्हणतात, "तेवढा दिवा घालवून द्या." दिवा घालवणे हे स्कॅनरवरचे, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या यंत्रावरचे, मिनिटभराचे काम आहे, पण ते आम्ही सर्वांत शेवटी करतो. त्या दिव्यामागे गाडीच्या संगणकाने साठवून ठेवलेली माहिती असते. दिव्याबरोबर तीही पुसली जाते आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. दिवा लागल्यावर गाडी चालवावी की थांबवावी, आम्ही तपासणीला वेळ का मागतो आणि येण्यापूर्वी आपण काय पाहून ठेवावे, हे आपल्याला नीट समजावे म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे.

इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणारी हवा, इंजिनाचे तापमान, फेऱ्यांचा वेग आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूंतील ऑक्सिजन यांच्यावर सेन्सरांच्या मदतीने सतत लक्ष ठेवून असतो. ही व्यवस्था मुख्यतः गाडीच्या धुरातील प्रदूषण आटोक्यात राहावे यासाठी आली. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ती एका ठरावीक स्वरूपात बंधनकारक झाली आणि पुढे इतर देशांनीही तशाच पद्धती स्वीकारल्या. गाडी पूर्वीइतकीच छान पळत असतानाही दिवा का लागतो, याचे उत्तर येथे आहे. चालवणाऱ्याला फरक जाणवण्याच्या कितीतरी आधी धूर मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि संगणक त्याची दखल घेतो. त्यामुळे "गाडीला तर काहीच झालेले नाही" हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा काही क्षण लागलाच पाहिजे. ती दिव्याचीच चाचणी असते. तो मुळीच लागत नसेल, तर दिवा निकामी झालेला असतो किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना ही एवढी गोष्ट अवश्य पाहावी.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा

या पत्रकातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही असावी. चालत्या गाडीत दिवा लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, म्हणजे गाडी मिसफायर करते आहे, आणि तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाला, इजा होईल इतक्या प्रमाणात, असा त्याचा अर्थ असतो. कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन या विटेपर्यंत पोहोचले की ते तेथे पेट घेते, तापमान झपाट्याने वाढते आणि वीट वितळून वायूंची वाटच बुजू शकते. म्हणून दिवा लुकलुकताना दिसताच ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करावा, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि आम्हाला फोन करावा. एक स्पार्क प्लग किंवा त्याला ठिणगीसाठी वीज पुरवणारी एक कॉइल बदलून मिटणारे दुखणे आणखी काही अंतर रेटल्यामुळे कन्व्हर्टरपर्यंत गेलेले आम्ही पाहिले आहे, आणि तो खर्च ग्राहकाला सांगताना आम्हालाही वाईट वाटते.

दिवा स्थिर असेल आणि गाडी झटके न देता, नेहमीच्या ताकदीने चालत असेल, तर प्रवास अर्ध्यावर सोडण्याचे कारण नाही. सावकाश चालवावी आणि काही दिवसांच्या आत तपासून घ्यावी. मात्र गाडी एकाएकी ओढेनाशी झाली, इंधनाचा वास येऊ लागला किंवा दाट धूर निघू लागला, तर स्थिर दिव्यालाही तातडीचाच समजावे. तेलाच्या किटलीचा लाल दिवा आणि तापमानाचा लाल दिवा यांची मात्र या पिवळ्या दिव्याशी गल्लत करू नये. त्यांपैकी एक जरी लागला, तरी पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

इंधनाच्या टाकीतून वाफ गळते का, हे तपासणारी यंत्रणा ज्या गाड्यांमध्ये आहे, त्यांत टाकीचे झाकण सैल राहिल्यानेही दिवा लागतो. झाकण काढून त्याचे रबर पाहावे आणि पुन्हा घट्ट बसवावे. दिवा लगेच विझला नाही, तर आपले काही चुकले असे समजू नये. बहुतेक बिघाडांची नोंद पक्की करण्यापूर्वी संगणक गाडीच्या दुसऱ्या फेरीतही (इंजिन सुरू करून, गाडी चालवून ते बंद करेपर्यंत एक फेरी) खात्री करून घेतो, आणि बिघाड नाहीसा झाल्यावरही साधारणपणे सलग ३ फेऱ्यांत चाचणी निर्दोष पार पडल्यावरच दिवा मालवतो.

कोड हे निदान नव्हे

स्कॅनर लावल्यावर एक अक्षर आणि ४ आकडे असलेला कोड मिळतो. त्यातले पी हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्स यांच्याशी संबंधित असते. या कोडवरून संगणकाला काय खटकले, हे कळते. कोणता भाग बिघडला, हे बहुतेक वेळा कळत नाही. आम्ही तपासणीचा वेळ आणि त्याचे शुल्क वेगळे का धरतो, हे या एका फरकावरून स्पष्ट होईल, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

पी ०१७१ या कोडचा अर्थ, इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, असा आहे. पेट्रोल इंजिनात १ भाग इंधनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण बिघडल्याचे ऑक्सिजन सेन्सर संगणकाला कळवतो. कोड दिसताच हा सेन्सरच बदलून टाकण्याची चूक फार वेळा होते. सेन्सरने बहुधा खरी बातमी दिलेली असते. खरे कारण तडा गेलेली व्हॅक्यूमची रबरी नळी, मळलेला एअर फ्लो सेन्सर, अशक्त झालेला इंधनपंप किंवा तुंबलेला इंधन फिल्टर, यांपैकी काहीही असू शकते. संगणक इंधन किती वाढवून देतो आहे, तो आकडा आम्ही गाडी उभी असताना आयडलिंगवर आणि नंतर इंजिन रेस करून पाहतो. आयडलिंगला जास्त असलेला आकडा रेस वाढवल्यावर खाली आला, तर नळीतून हवा चोरून आत येत असल्याचा संशय बळावतो. उलट गाडीवर भार पडल्यावर तो आकडा वाढत गेला, तर आम्ही इंधनाचा दाब मोजतो.

पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असल्याचे सांगतो, पण दोष प्लगचा, कॉइलचा, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचा की कमी झालेल्या कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधील दाबाचा), हे सांगत नाही. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिच्यात आम्ही पहिली कॉइल तिसऱ्या जागी आणि तिसरी पहिल्या जागी लावून गाडी चालवून पाहतो. कोड बदलून पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे, हे नवा भाग विकत न घेता कळते.

पी ०४२० बाबत आम्ही विशेष आग्रही असतो. कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे, असे हा कोड सांगतो. कन्व्हर्टर सहसा आपण होऊन बिघडत नाही. जुने मिसफायर किंवा इंजिनात जळणारे तेल त्याला खराब करते. ते कारण दूर न करता नवा कन्व्हर्टर बसवला, तर त्याचीही तीच गत होते.

कोड नोंदवतानाच संगणक त्या क्षणीच्या परिस्थितीची नोंदही ठेवतो. त्यात इंजिनाच्या फेऱ्या, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान आणि इंजिनावरचा भार असतो. मधूनच येणारा बिघाड शोधताना आमच्या हाती बहुधा एवढाच दुवा असतो. कोड पुसला की ही नोंदही जाते. शिवाय संगणकाने पार पाडलेल्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत काही देशांत गाडी धुराच्या तपासणीत स्वीकारली जात नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याची युक्तीही बऱ्याच गाड्यांत हेच नुकसान करते. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आपल्याकडे असेल, तर त्याने कोड जरूर वाचावा, लिहून ठेवावा आणि आम्हाला दाखवावा. फक्त पुसण्याचे बटण दाबू नये, आणि केवळ कोडच्या भरवशावर सुटे भाग मागवू नयेत.

अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जळून जाते. गाडी रोज अगदी थोडेच अंतर चालत असेल, तर हे तापमान गाठलेच जात नाही आणि फिल्टर भरत जातो. आपला रोजचा प्रवास किती असतो, हे आम्ही विचारतो ते यासाठी.

येताना काय सांगावे

दिव्याचा एक फोटो काढून ठेवावा आणि लुकलुकत असेल तर छोटा व्हिडिओ घ्यावा. इंजिन गार होते की तापलेले, गाडी चढावर होती की सपाटीवर, पाऊस पडत होता का, नुकतेच इंधन भरले होते का, हे आठवेल तेवढे लिहून आणावे. अलीकडे बॅटरी बदलली असेल, म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिवे बसवले असतील, किंवा दुसरीकडे काही काम केले असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. त्यात आम्हाला गैर वाटण्यासारखे काही नाही. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल, तर तेही सांगावे, कारण उंदरांनी कुरतडलेली वायर हे दिवा लागण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे.

दुरुस्तीनंतर आम्ही कोड पुसतो, गाडी चालवून पाहतो आणि संगणकाच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या, कोणत्या बाकी आहेत, हे बिलावर लिहून देतो. बाकी राहिलेल्या चाचण्या आपल्या पुढील काही दिवसांच्या वापरात पूर्ण होतात. त्या काळात दिवा पुन्हा लागला, तर तो कोठेही पुसून न घेता गाडी तशीच आमच्याकडे आणावी आणि येताना ते बिल बरोबर ठेवावे.