ज्युनियर बायथलॉन

ज्युनियर बायथलॉन : बर्फावर स्कीने पळायचे, मध्येच थांबून रायफलीने पाच नेम साधायचे आणि पुन्हा पळत सुटायचे, अशा हिवाळी खेळाचा तरुण खेळाडूंसाठीचा विभाग. ‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘अथलॉन’ म्हणजे स्पर्धा. या दोन स्पर्धांचे स्वभाव मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकीला छाती फुटेस्तोवर दम लागतो, तर दुसरीला श्वाससुद्धा रोखावा लागतो. १९९३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटना हा खेळ चालवते. तरुणांचे तिने दोन गट केले आहेत : साधारण एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा ‘युवा’ गट आणि त्यापुढे विशीच्या सुरुवातीपर्यंतचा ‘ज्युनियर’ गट. व्यवहारात दोन्ही मिळून ज्युनियर बायथलॉन म्हटले जाते.

मराठवाड्यात हा शब्द ऐकू येतो, पण बहुधा वेगळ्याच अर्थाने. धावणे–पोहणे–धावणे अशी एक स्पर्धा मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या एकत्रित खेळाच्या छत्राखाली घेतली जाते. तिचे खरे नाव ‘बायथले’. बातम्यांत आणि प्रमाणपत्रांवर तिचाच बायथलॉन होतो. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी अ‍ॅथलेटिक्समध्ये ‘ट्रायथलॉन’ असते. त्यात ६० मीटर धावणे आणि लांब उडीबरोबर गटानुसार उंच उडी, फेक किंवा ६०० मीटर धावणे असा तिसरा प्रकार येतो. सायकल आणि पोहण्याची ट्रायथलॉन पुन्हा निराळी. हा गोंधळ निरुपद्रवी नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे अनोळखी खेळाच्या प्रमाणपत्राला किंमत येते, आणि जिथे किंमत येते तिथे फसवणारेही पोहोचतात. ‘बायथलॉन’च्या नावाने कुणी प्रवेश फी मागत असेल, तर नेमका कोणता खेळ, कोणती संघटना आणि तिला मान्यता कुणाची, हे पालकांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

इतिहास : खेळाचे मूळ सैनिकी आहे. नॉर्वे–स्वीडन सरहद्दीवर पहारा देणाऱ्या तुकड्यांनी १७६७ मध्ये स्की आणि बंदूक यांची आपापसात स्पर्धा घेतल्याची नोंद सापडते. शामोनी येथील १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ‘लष्करी गस्त’ या नावाने त्याचेच भावंड खेळले गेले. आजच्या रूपातील पहिली जागतिक स्पर्धा १९५८ मध्ये ऑस्ट्रियातील झालफेल्डन येथे झाली. पुरुषांचा बायथलॉन १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये आला, महिलांना मात्र १९९२ पर्यंत थांबावे लागले. ज्युनियरांची जागतिक स्पर्धा १९६७ मध्ये पूर्व जर्मनीतील आल्टेनबर्ग येथे सुरू झाली आणि २००२ पासून तिला युवा गट जोडला गेला. २०१२ च्या इन्सब्रुक युवा हिवाळी ऑलिंपिकमध्येही बायथलॉन होता.

तरुणांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल १९७८ चा. तोपर्यंत लष्करी ताकदीच्या मोठ्या रायफली आणि शंभर ते अडीचशे मीटरचे अंतर असे. त्या वर्षीपासून ०.२२ कॅलिबरची हलकी काडतुसे आणि ५० मीटर अंतर आले. खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ संपला, आवाज कमी झाला, मैदानाला लागणारी जागा आटली. शाळकरी वयाच्या मुलामुलींना या खेळाचे दार खऱ्या अर्थाने तेव्हाच उघडले.

शर्यतीचे स्वरूप : स्प्रिंट या छोट्या शर्यतीत युवा मुले ७.५ किलोमीटर आणि मुली ६ किलोमीटर, तर ज्युनियर मुले १० आणि मुली ७.५ किलोमीटर जातात. नेमबाजी दोनदा असते, एकदा पालथे पडून आणि एकदा उभ्याने. ‘इंडिव्हिज्युअल’ ही सर्वांत लांब शर्यत. तिच्यात युवा गटाला १२.५ व १० किलोमीटर, ज्युनियरांना १५ व १२.५ किलोमीटर आणि नेमबाजीच्या चार फेऱ्या असतात. चुकलेल्या प्रत्येक नेमाची शिक्षा ठरलेली आहे. स्प्रिंटमध्ये एका नेमामागे १५० मीटरचा दंडफेरा मारावा लागतो. इंडिव्हिज्युअलमध्ये फेरा नसतो, थेट वेळेत भर पडते आणि पारंपरिक नियमाने ती एका मिनिटाची असते. रिलेमध्ये प्रत्येक फेरीला तीन जादा गोळ्या मिळतात, पण त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात, आणि गारठलेल्या बोटांनी हे काम किती वेळ खाते ते पाहणाऱ्यालाच कळते.

लक्ष्ये पाच, एका ओळीत, काळी. पालथ्या नेमबाजीसाठी ४५ मिलिमीटर, म्हणजे लिंबाएवढे; उभ्यासाठी ११५ मिलिमीटर, चहाच्या बशीहून थोडे लहान. गोळी लागली की पांढरी झडप पडते. इतर नेमबाजीसारखे नऊ, दहा, साडेदहा असे गुण इथे नसतात. लागले किंवा हुकले, एवढेच. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि खेळाडू एका नेमासाठी मिनिटभर घेऊ शकतो. म्हणून उत्तम एअर रायफल नेमबाज आपोआप उत्तम बायथलीट होत नाही.

नेमापूर्वीचे अर्धे मिनिट : या खेळाचा जीव इथे आहे. खेळाडू फायरिंग रेंजकडे येतो तेव्हा त्याची नाडी मिनिटाला १७०–१८० च्या घरात असते. शेवटच्या टप्प्यात तो वेग जरा कमी करतो आणि वाऱ्याच्या छोट्या झेंड्यांकडे पाहतो. चटईवर येताच काठ्या खाली टाकून पाठीवरची रायफल खांद्यावरून पुढे घेतो. स्की पायांतच असतात. पालथे पडल्यावर दंडाला बांधलेला पट्टा रायफलीच्या हुकात अडकतो आणि तिथेच पहिली अडचण येते : दंडातल्या धमनीचा ठोका पट्ट्यातून थेट रायफलीत उतरतो. रायफलीच्या मागच्या छिद्रातून पाहिले की नळीच्या टोकावरचे कडे ठोक्यासरशी हलताना दिसते. दुर्बीण नसते, कारण नियमाने ती चालत नाही. दोन-तीन खोल श्वास, मग अर्धा उच्छ्वास सोडून क्षणभर थांबायचे, कडे लक्ष्याभोवती बसले की बोट दाबायचे. अंगठा आणि तर्जनीने बोल्ट (पुढची गोळी भरणारा दांडा) मागे-पुढे, पुढचा श्वास, पुढचा नेम. जागतिक पातळीवर पाच नेम अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतात. ज्युनियरांना वेळ जास्त लागतो, आणि बहुतेकांची शर्यत इथेच सुटते किंवा हाताला लागते.

उभ्याने नेम धरताना ठोक्याचा त्रास कमी होतो, पण मांड्या थरथरतात आणि अख्खे अंगच डोलते. पहिले चार लागले की पाचव्याला बोट घाई करते. मराठीत यासाठी शब्द तयारच आहेत. चढावर दम लागतो, रेंजवर दम खायचा असतो, आणि पाचव्या नेमाला दम धरायचा असतो. पूर्ण शांत होईपर्यंत थांबणारा मागे पडतो, न थांबणारा दंडफेरे मारत बसतो. किती थांबायचे हे प्रत्येक शरीराचे वेगळे गणित असते, आणि ते सतरा-अठराव्या वर्षी हाताखालून शेकडो वेळा जावे लागते. नॉर्वेचा ओले आयनार ब्योर्नडालेन १९९३ मध्ये ज्युनियर जागतिक विजेता झाला आणि पुढे त्याने ऑलिंपिकची १३ पदके मिळवली. मोठी नावे ज्युनियर गटातून कशी घडतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

वजन आणि वय : रायफल किमान ३.५ किलोची असावी लागते आणि ही अट सतरा वर्षांच्या मुलीलाही तीच आहे. वाढत्या वयातल्या कण्यावर हा भार चढाला जाणवतो. म्हणून अनेक देशांत लहान वयोगटांत रायफल पाठीवर देतच नाहीत. ती रेंजवरच ठेवलेली असते, मुले मोकळ्या पाठीने पळतात. सुरुवात बहुधा एअर रायफलीने होते आणि ०.२२ नंतर येते. सुरक्षेच्या नियमांत वयाची सूट नाही. नळी कुणाच्या दिशेने वळली किंवा रेंजबाहेर चेंबरमध्ये गोळी राहिली, तर खेळाडू बाद होतो.

भारतात : इथे हा खेळ मुख्यतः वर्दीतल्या लोकांचा राहिला आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. बर्फ आणि रायफल दोन्ही एकत्र सैन्याकडेच आहेत. गुलमर्गला लष्कराचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण व स्कीइंग संस्था. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खास परवानगीशिवाय शर्यतीचा मार्ग १,८०० मीटरच्या वर जाऊ नये. सामान्य घरातल्या मुलाला ०.२२ रायफल मिळणेही सोपे नाही. शस्त्र परवान्याचे वय २१ आहे. त्याआधी सराव करायचा तर तो मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये, नियमांच्या चौकटीत.

मराठवाड्याच्या संदर्भात : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत हिमवर्षाव होत नाही. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधी चार-पाच अंशांवर उतरतो, शेकोट्या पेटतात, पण बर्फ नाही. बर्फाची इथली ओळख म्हणजे गारपीट, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्याने पाहिली त्याला बर्फाबद्दल खेळाच्या भाषेत बोलणे जड जाते. म्हणून स्कीवरचा बायथलॉन मराठवाड्यात नाही, आणि तो असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. पण खेळाचा गाभा बर्फात नाही. तो धाप लागलेल्या शरीराने नेम साधण्यात आहे, आणि त्याचे सुटे भाग या भागात विखुरलेले आहेत.

पहिला भाग धावण्याचा. बीड, लातूर, नांदेडच्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे साडेचार-पाचला उभे राहिले तर तो दिसतो. भरतीची तयारी करणारी मुले जथ्याने पळत असतात, मुलांचे १,६०० मीटर, मुलींचे ८००. कुणाच्या पायात फाटलेले बूट, कुणी अनवाणी, रस्त्याकडेच्या दगडावर एकाचा मोबाइल वेळ मोजत ठेवलेला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे अशाच मातीतून आला. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला आणि सियाचिनच्या बर्फात तैनातीवर राहिला. धावपटू म्हणून नाव झाले ते त्यानंतर. बर्मिंगहॅम येथील २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. मराठवाड्यातला पोरगा बर्फापर्यंत पोहोचतो तो सैन्यामार्गेच, ही वाट साबळेच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, आणि अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही आहे.

दुसरा भाग नेमाचा, आणि तो एन.सी.सी.त भेटतो. शिबिरातला फायरिंगचा दिवस कॅडेट विसरत नाही. ‘पॉइंट टू-टू’ रायफल, जमिनीवर अंथरलेली चटई, समोर पुठ्ठ्यावर चिकटवलेले लक्ष्य, मोजून दिलेल्या गोळ्या. उस्ताद डोक्याशी उभा राहून सांगतो : माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) बघ, श्वास सोड, ट्रिगर ओढू नकोस, दाब. शेवटी पुंगळ्या मोजून परत द्यायच्या आणि पुठ्ठ्यावरची भोके एका मुठीत मावतात का ते पाहायचे. त्यालाच ‘ग्रुपिंग’ म्हणतात. बायथलॉनच्या पालथ्या नेमबाजीची पूर्वतयारी हीच. फरक एवढाच की कॅडेट आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असतो, पळून आलेला नसतो.

तिसरा भाग चाकांचा. शहरांतल्या स्केटिंगच्या वर्गांत लहान मुले पाय बाजूला रेटत पुढे जायला शिकतात. बायथलॉनमध्ये १९८० च्या दशकापासून वापरली जाणारी ‘स्केटिंग’ ढब शरीराच्या हालचालीने याच्या जवळची आहे. युरोपातले खेळाडूही बर्फ नसलेल्या महिन्यांत चाकांच्या रोलर-स्कीवर डांबरी रस्त्यांवर सराव करतात, आणि उन्हाळी बायथलॉनच्या जागतिक स्पर्धाही होतात.

हे तिन्ही भाग एका मुलाच्या वाट्याला क्वचितच येतात. चाके शहरात, धावणे खेड्यात. शिवाय बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या थंड महिन्यांत सराव चांगला होतो, तेच महिने त्या घरातल्या मुलाचे फडावर जातात. गावात आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहू शकणारी मुलेच सलग सराव करतात. कौशल्य किंवा जिद्द कमी म्हणून नव्हे, तर एवढ्या एका कारणाने कितीतरी धावपटू गळतात, आणि या नोंदीत ते लिहिणे भाग आहे.

आज सर्वांत हाताशी असलेला पर्याय म्हणजे ‘लेझर-रन’. पळत यायचे, १० मीटरवरच्या लक्ष्यावर लेझर पिस्तुलाने पाच नेम साधायचे किंवा ५० सेकंद संपेपर्यंत प्रयत्न करायचा, आणि पुन्हा पळायचे. सर्वांत लहान गटांना अंतर निम्मे असते. गोळी नाही, परवाना नाही, मोकळे मैदान पुरते. हा प्रकार मॉडर्न पेंटॅथलॉनचा भाग असून २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो खेळ होता.

एअर रायफल क्लब असलेल्या गावात प्रशिक्षकाला बायथलॉनच्या धर्तीचा सराव मांडता येतो. ५० मीटरवरची लक्ष्ये त्याच प्रमाणात १० मीटरवर आणली तर पालथ्यासाठी ९ मिलिमीटर आणि उभ्यासाठी २३ मिलिमीटर व्यासाचे काळे गोल काढावे लागतात. कंपास आणि पुठ्ठा पुरे. मैदानाला ४०० मीटरच्या दोन फेऱ्या, मग पाच छर्रे, आणि हुकलेल्या प्रत्येक छर्ऱ्यामागे धावून येणाऱ्याला सुमारे अर्धे मिनिट लागेल एवढा जादा फेरा. रायफल कधीही पाठीवर द्यायची नाही. ती मेजावर, नळी लक्ष्याकडे, छर्रा न भरलेली. धावून आलेल्याने आधी नळी रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, प्रशिक्षकाने मान हलवायची, आणि मगच पहिला छर्रा भरायचा.