चोवीस पिनांचे सॉकेट, अठ्ठावीस पिनांची चिप

जुन्या संगणकाची रॉम (आतला मजकूर फक्त वाचता येणारी कायमस्वरूपी स्मृती-चिप) निकामी झाली की तिच्या जागी आज सहज मिळणारी चिप बसवण्यासाठी मधे एक छोटा अ‍ॅडॅप्टर बोर्ड घालावा लागतो. त्याची गरज पिनांच्या संख्येमुळे पडते, असे सामान्यतः सांगितले जाते. वास्तविक १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या पिनांची कामे ज्या रीतीने वाटली गेली, तिचा त्यात मोठा वाटा आहे.

अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा मजकूर लिहिता येणारी रॉम, म्हणजे ईप्रॉम, प्रथम १९७१ साली बाजारात आली. पुढची काही वर्षे अशा चिपांना दोन-तीन वेगवेगळे व्होल्टेज पुरवावे लागत. केवळ ५ व्होल्टवर वाचता येणारी २७१६ या क्रमांकाची ईप्रॉम आल्यावर ही कटकट संपली. मात्र दुसऱ्या एका उत्पादकाने २७१६ हाच आकडा आपल्या तीन व्होल्टेजच्या चिपला दिला आणि एका व्होल्टेजच्या चिपला २५१६ म्हटले. आकडा एक म्हणजे चिप एक, या समजुतीला येथूनच तडा गेला.

खरा वाद ४ किलोबाइटच्या चिपेवरून झाला. आठ डेटारेषा (मजकूर बाहेर नेणाऱ्या), बारा पत्तारेषा (कोणत्या जागेवरचा मजकूर हवा ते सांगणाऱ्या) आणि वीजपुरवठ्याच्या दोन पिना मिळून २२ होतात, म्हणजे २४ पैकी दोनच उरतात. २५३२ या चिपेत त्यांतली एक प्रोग्रॅमिंग व्होल्टेजला (चिपेत मजकूर लिहिताना लागणाऱ्या जादा व्होल्टेजला) आणि दुसरी चिप निवडण्यासाठी दिली गेली. २७३२ तयार करणाऱ्यांनी चिप निवडणे आणि तिचे आउटपुट उघडणे यांसाठी दोन स्वतंत्र पिना राखल्या, जेणेकरून दोन चिपा एकाच वेळी डेटाबसवर (सर्व चिपांच्या सामाईक डेटारेषांवर) बोलू लागणार नाहीत. प्रोग्रॅमिंग व्होल्टेज आउटपुटच्याच पिनेवर आणले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने २७३२ची मांडणी सरस होती, हे मान्य करावे लागते. पण कमोडोर पेट या संगणकाच्या नंतरच्या मॉडेलांसारख्या यंत्रांतील सॉकेटे २३३२ या कारखान्यातच मजकूर कोरलेल्या रॉमसाठी होती आणि तिच्याशी २५३२च जुळत होती. त्या सॉकेटात २७३२ सरळ खोचली, तर बारावी पत्तारेषा तिच्या निवडपिनेवर जाते, तिची स्वतःची तीच रेषा कायम ५ व्होल्टवर राहते, आणि मजकुराचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याच्या जागी दिसू लागतो. चिप जळत नाही. संगणक मात्र सुरू होत नाही.

८ किलोबाइटला हिशेब आणखी तंग झाला. २३६४ या रॉममध्ये तेरा पत्तारेषा धरून २३ पिना संपल्या आणि निवडीला एकच उरली. ईप्रॉमला प्रोग्रॅमिंगसाठी जागा हवी असल्याने २७६४ अठ्ठावीस पिनांची झाली. तरीही १९८२च्या कमोडोर ६४मध्ये २४ पिनांचीच रॉम वापरली गेली. सॉकेटात चार पिना वाचवण्याचा तो निर्णय त्या वेळी काटकसरीचा ठरला असेल. त्याची किंमत मात्र आजचे हौशी दुरुस्तीकार मोजत आहेत.

सुदैवाने २७६४च्या खालच्या २४ पिना या सॉकेटावर ठेवल्या, तर बहुतेक रेषा समोरासमोर येतात. वळवाव्या लागतात त्या दोन वरच्या पत्तारेषा; शिवाय वीजपुरवठा २८व्या पिनेपर्यंत न्यावा लागतो आणि प्रोग्रॅमिंगच्या पिना ५ व्होल्टला बांधाव्या लागतात. पूर्वी हे काम एकावर एक सॉकेटे रचून, पिना वाकवून आणि बारीक तारा सोल्डर करून होत असे. मोजके पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) स्वस्तात करून मिळू लागल्यापासून घरच्या घरी आखलेले बोर्ड रूढ झाले. त्यांवर ३२ किलोबाइटची चिप बसवून वरच्या दोन पत्तारेषा स्विचला जोडल्या, की एकाच सॉकेटात चार वेगवेगळे मजकूर ठेवता येतात. अस्सल २५३२ शोधून वापरण्याचा आग्रह काही जण अजूनही धरतात. पण तिला प्रोग्रॅमिंगसाठी २५ व्होल्ट लागतात आणि आजचे बरेचसे स्वस्त प्रोग्रॅमर (चिपेत मजकूर लिहिणारी उपकरणे) तेवढे देत नाहीत.

बोर्ड आखताना हल्ली अधिक लक्ष दिले जाते ते उंचीकडे आणि खालच्या पिनांच्या जाडीकडे. उंच बोर्ड कीबोर्डला किंवा धातूच्या आच्छादनाला अडतो, आणि चौकोनी जाड पिना जुन्या सॉकेटाच्या पट्ट्या कायमच्या फाकवतात, त्यामुळे नंतर मूळ रॉम परत बसवली तरी ती सैल राहते. म्हणून बारीक गोल पिना महाग असूनही त्याच वापरल्या जातात.