‘झिरो बॅलन्स’ची दोन खाती: एक कायमचं, एक मुदतीचं

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे ‘झिरो बॅलन्सचं खातं’ म्हटलं की लोक जनधन समजतात. प्रत्यक्षात या बोलीतल्या नावाखाली दोन वेगळी खाती आहेत, आणि फरक कळतो तो पैसे अडकल्यावर.

पहिलं मूलभूत बचत खातं. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते जुन्या ‘नो फ्रिल्स’ खात्याच्या जागी आणलं. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा, महिन्यातून किमान ४ वेळा काढायला पैसे पडत नाहीत. आधारसारखा कागद मात्र हवा.

दुसरं लहान खातं, कागद नसलेल्यांसाठी. फोटो द्यायचा, बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, झालं. पण वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि महिन्याला काढता येतात फक्त १० हजार. समजा, गुजरातेत ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या अशा खात्यावर मुकादमाने ४० हजारांची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) टाकली. शिल्लकेच्या मर्यादेत ती बसते, पण पूर्ण हातात यायला ४ महिने लागतील. टोळी काय तोवर थांबते? सरकारी अनुदान किंवा सरकारी खरेदीचे पैसे जमा होताना ५० हजारांची अट आड येत नाही. उचलीला ती सवलत नाही. शिवाय मुदत १२ महिन्यांची. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२.

जनधन ही २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेली योजना. तिच्यात दोन्ही प्रकारची खाती निघाली, त्यामुळे ‘माझं जनधन आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आता ज्याच्याकडे आधार आहे त्याने लहान खात्यात अडकून राहण्यात अर्थ नाही, असं माझं मत. शाखेत केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, पूर्ण करून ते मूलभूत खात्यात बदलून घ्यावं.

साध्या बचत खात्यातूनही मूलभूत खात्यात येता येतं. धुळ्यात साधं बचत खातं आहे आणि किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड कापला जातोय, तर लेखी अर्ज देऊन तेच मूलभूत खात्यात बदलून मागता येतं. अट एवढीच, की त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही; असेल तर ३० दिवसांत बंद करावं लागतं. एफडी-आरडी चालते.