हाऊ कोन रडी ऱ्हायना भो? : डॉक्युमेंट्रीच्या म्युझिकची मागची गोष्ट

अमळनेरकडच्या कापूसवाल्यांवर एक २५ मिनिटांची डॉक्युमेंट्री होती, म्युझिक माझ्याकडे आलं. डायरेक्टरने एडिट करतानाच खाली कुठलं तरी रेडीमेड व्हायोलिन टाकून ठेवलेलं, याला आमच्याकडे टेम्प ट्रॅक म्हणतात, म्हणजे खरं म्युझिक होईपर्यंत तात्पुरतं, पण होतं काय की महिनाभर तेच कानावर पडून पडून डायरेक्टरला मग दुसरं काही गोडच लागत नाही. मी पण गुपचूप तसंच एक रडकं व्हायोलिन बनवून दिलं. रफ कट (म्हणजे कच्चं एडिट) गावात दाखवला. स्क्रीनवर शेतकरी भाऊ मस्त हात हलवत खताचा भाव सांगताय, जोरात आहे गडी, आणि खाली माझं व्हायोलिन. त्याची आई पुढेच बसलेली, तिने मागे वळून विचारलं, "हाऊ कोन रडी ऱ्हायना भो?" (आमच्या अहिराणीत, म्हणजे हा कोण रडतोय भाऊ?)

सगळे हसले, मी पण हसलो, पण घरी येताना डोक्यात तेच. शेतकरी दिसला की व्हायोलिन, धरण दिसलं की ढँग करून ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), आदिवासी दिसले की बासरी, ही सवय आपल्याला लावली कोणी?

तर सुरुवात रडक्या व्हायोलिनने झालेलीच नव्हती. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या पोस्ट खात्याचं स्वतःचं फिल्म युनिट होतं (आपल्या पोस्टाकडे बघून विश्वास बसत नाही, पण होतं), आणि त्यांनी १९३६ मध्ये लंडनहून स्कॉटलंडला रात्री टपाल घेऊन जाणाऱ्या गाडीवर 'नाइट मेल' नावाची फिल्म काढली. म्युझिक बेंजामिन ब्रिटनचं, तेव्हा पोरगं २२ वर्षांचं. त्याने मोठा ऑर्केस्ट्रा मागितलाच नाही, मोजकी वाद्यं घेतली आणि पाटीवर सँडपेपर घास, छोटी ट्रॉली फिरव, हवेचा फुसकारा सोड, असं करून स्टुडिओत गाडी उभी केली. शेवटी ऑडेनची कविता येते ती गाडीच्या ठेक्यावरच म्हटलेली, चढ आला की दमाने, उतार लागला की सुसाट. भुसावळवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, जुन्या रुळांच्या सांध्यांवरून गाडी जायची तेव्हाचा तो ठेका लहानपणी झोपेत ऐकलेला असतो (आता रूळ वेल्डिंगने जोडतात, तो ठेका पण गेलाच). आणि कामाच्या लयीत शब्द बसवणं तर आपल्याकडे घरोटावर (जात्यावर) बसणाऱ्या प्रत्येक बाईला येत होतं, बहिणाबाईंच्या ओव्या दुसऱ्या कुठून आल्या?

सांगायचं एवढंच की तेव्हा म्युझिक कामातून निघत होतं, मशीनच्या आवाजातून. भावना वरून ओतायची हे पक्कं झालं ते नंतर. अमेरिकेत १९४८ ला 'लुइझियाना स्टोरी' आली, अर्धी रचलेली डॉक्युमेंट्री, पैसा तेल कंपनीचा, आणि तिच्या म्युझिकसाठी व्हर्जिल थॉमसनला १९४९ चं पुलित्झर मिळालं. म्हणजे डॉक्युमेंट्रीचं म्युझिक हे पण मोठं काम आहे असा शिक्का बसला, ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर मोठ्या ऑर्केस्ट्राची हौस पण आली.

आपल्याकडचा किस्सा वेगळा. १९४८ लाच फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. ज्यांनी टॉकीजमध्ये पिक्चर बघितलेत त्यांना आठवत असेल, मेन पिक्चरच्या आधी ब्लॅक अँड व्हाइट न्यूजरील नाहीतर माहितीपट लागायचा, पूर, धरण, कुटुंब नियोजन, आणि भारदस्त आवाजातली कॉमेंट्री. टॉकीजवाल्याला ते दाखवावंच लागायचं, लायसनची अटच होती. आमच्याकडे पब्लिक तोपर्यंत बाहेर चहा नाहीतर शेंगदाणे घेत उभं. पण जे आत बसायचे त्यांच्या कानात ते म्युझिक गेलंच, सतार, बासरी, तबला, मध्येच व्हायोलिनचा ताफा. विजय राघव राव नावाचे बासरीवाले, रविशंकरांचे शिष्य, कितीतरी वर्षं तिथे म्युझिकचं काम बघत होते, आणि त्यांच्या काही फिल्म आजही ऐकल्या तर माणूस चाट पडतो इतके प्रयोग आहेत. डायरेक्टर सुखदेवची १९६७ ची 'इंडिया ६७' बघा, कॉमेंट्रीच नाही, नुसते आवाज आणि म्युझिक.

पण रोजचा माल तसा नव्हता. एकच फिल्म दहा-बारा भाषांत जायची, कॉमेंट्री प्रत्येक भाषेची वेगळी आणि म्युझिकचा ट्रॅक सगळ्यांना एकच. आता जे म्युझिक तमिळ कॉमेंट्रीखाली पण चाललं पाहिजे आणि मराठीखाली पण, ते अहिराणी कशाला होईल? माझ्या मते तरी 'अखिल भारतीय गाव' नावाचा जो आवाज तयार झाला, ती पहाटेची बासरी वगैरे, तो इथेच. त्यात कुठलंच खरं गाव नव्हतं.

दुसरी अडचण कॉमेंट्रीची. माणूस बोलत असताना क, च, ट हे जे नीट कळतं ते साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि व्हायोलिन-बासरीची धार पण तिथेच येऊन बसते. मग एकतर म्युझिक खाली दाबायचं नाहीतर असं लिहायचं की ते कोणाच्या मध्ये येणार नाही. पन्नास वर्षं कॉमेंट्रीखाली दबून राहिलं की म्युझिक मिळमिळीत होणारच ना.

मध्येच एक उलटी लाट पण आली होती. १९६० च्या आसपास नाग्रासारखे खांद्याला अडकवायचे टेपरेकॉर्डर आणि हलके १६ एमएम कॅमेरे आले, जागेवरचा आवाज जागेवरच धरता यायला लागला, तर परदेशातल्या काही मंडळींनी सरळ ठरवलं की वरून म्युझिक लावायचंच नाही, जे समोर वाजेल तेच. आपल्याकडे आनंद पटवर्धनांच्या फिल्म घ्या, 'हमारा शहर' (१९८५) मध्ये शाहीर विलास घोगरे स्वतः गातात, तिथे गाणं हाच पुरावा आहे, सजावट नाही. सिमंतिनी धुरूंबरोबर केलेली 'अ नर्मदा डायरी' (१९९५) तर आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरापर्यंत येते.

त्या डोंगराचा माझा पण एक अनुभव आहे, काठी गावच्या होळीचा. रात्रभर ढोल, घुंगरं, कमरेला बांधलेले भोपळे, मोरपिसांचे टोप, आणि पहाटे होळी पेटते. मी रेकॉर्डर घेऊन गेलो, लेव्हल शहरातल्या हिशोबाने लावलेली, पहिल्याच ढोलाला सगळं फाटलं, दोन तासांचं रेकॉर्डिंग कचरा. नंतर एका म्हाताऱ्या बाबाच्या पाव्याचे चारेक मिनिटं नीट मिळाले. घरी येऊन कीबोर्ड लावला तर एक सूर पांढरीच्या वर आणि काळीच्या खाली, मध्येच कुठेतरी. बांबूला भोकं बोटांच्या मापाने पाडलेली, ट्यूनर लावून कोण पाडतं! सॉफ्टवेअरने तो सूर ओढून सरळ केला तर पावा एकदम मोबाईलच्या रिंगटोनसारखा वाजायला लागला. शेवटी उलटं केलं, कीबोर्डचाच तो सूर ३५ सेंटने उतरवला (शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं). तेव्हा कुठे दोघं एका घरात नांदले.

आता तर लॅपटॉपवर हजार रुपयात अख्खा ऑर्केस्ट्रा येतो, स्टॉक म्युझिकच्या साइटवर 'इमोशनल इंडियन व्हिलेज' असं टाईप केलं की शंभर ट्रॅक, आणि संस्थांचं बजेट बघता लोकं तेच उचलतात, त्यांना तरी काय बोलणार. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क कागदावर पक्का केला, पण डॉक्युमेंट्रीवाल्याच्या हातात अजून एकरकमीच पडते, ती पण तीन फोन केल्यावर.

तर त्या कापसाच्या फिल्मचं काय झालं ते सांगतो. व्हायोलिन काढलं. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढतात त्या फॅक्टरीत) गेलो, सीझन जोरात, ट्रॅक्टरांची लाईन, आत मशीन ओळीने चालू, तोंडाला रुमाल बांधून एका डबल रोलर मशीनजवळ रेकॉर्डर धरला. सरकी खाली पडते तो एक बारीक सरसर आवाज असतो, तो मशीनच्या ठेक्याच्या बरोबर मध्ये येतो, हे मला पण तेव्हाच कळलं. तो तुकडा कापून लूप केला, त्याच्यावर फक्त एक डफ आणि खाली जाड तारेचा एक सूर. २५ मिनिटात म्युझिक साडेचार मिनिटं. डायरेक्टरने विचारलं बाकीच्याचे पैसे कमी करायचे का.

खताच्या भावाच्या सीनला काहीच लावलं नाही. मागे कुठेतरी मोटर चालू आहे आणि एक कोंबडा ओरडतो, तेवढं ठेवलं.